कोल्हापुरात नवीन आहात? परत करायचं एक पुस्तक घरात असू द्या

२०१४ च्या जूनमध्ये बदलीची ऑर्डर घेऊन मी नांदेडहून कोल्हापूरला आले. दुधाळीतल्या एका गल्लीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या ठरवल्या होत्या. टेम्पोतून सामान उतरत होतं, वरून पाऊस, आणि दारात घरमालकीण काकू चहाचा कप घेऊन उभ्या. म्हणाल्या, "सकाळधरनं तीनदा भाईर येऊन बघून गेलो मी. म्हटलं, वाट चुकली का काय पोरगी." 'गेलो' ऐकून त्यांच्या मागं कुणी पुरुषमाणूस उभं आहे का, ते मी वाकून पाहिलं. इथल्या कितीतरी बायका 'आलो, गेलो, जेवलो' म्हणतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आता आईशी फोनवर बोलताना माझ्याही तोंडून 'मी जेवलो' निघून जातं आणि ती पलीकडून विचारते, "कोण बोलतंय?"

हे लिहितेय ते अशाच नव्यानं आलेल्यांसाठी. खोली कुठं मिळेल, डबा कुणाचा चांगला, मिसळ कुठली खरी, हे सांगायला इथं शंभर जण पुढं येतील आणि शंभर जणांची मतं शंभर निघतील. मला त्यापुढचं सांगायचंय. खोली लागली, डबा लागला, ऑफिसही अंगवळणी पडलं, आणि तरी संध्याकाळी कुलूप काढून आत आल्यावर दिवा लावावासा वाटत नाही. तेव्हा काय करायचं?

साडेसहा ते नऊ

पहिले पंधरा दिवस काहीच करू नका. फक्त दिवसातली कुठली वेळ अंगावर येते ते बघा. माझी होती संध्याकाळी साडेसहा ते नऊ. सकाळी घाई असते, दुपारी काम असतं, रात्री झोप येते. अडचण या अडीच तासांची. फोन हातात घेतला की ते संपतात, पण दुसऱ्या दिवशी काल काय केलं ते आठवत नाही.

ऑफिसातली माणसं आग्रहानं जेवायला नेतात, तांबडा-पांढरा वाढतात, दोन मिनिटांत 'भावा', 'ताई' करतात. ते सगळं मनापासून असतं. पण तिसऱ्या आठवड्यात लक्षात येतं की प्रत्येकाला आपली गल्ली आहे, आपली तालीम आहे, आपलं मंडळ आहे आणि संध्याकाळ तिकडं जाते. हे पेठांचं गाव आहे. इथला माणूस जन्मतःच कुठल्यातरी कट्ट्याचा असतो. आपल्याला तो कट्टा नसतो, त्यामुळं दार आपल्यालाच शोधावं लागतं. ओळखी काढून ते सापडत नाही, निदान मला तरी सापडलं नाही. एखाद्या कामाच्या निमित्तानं त्याच जागी, त्याच वारी, पुन्हा पुन्हा गेलं की सापडतं.

म्हणून वार ठरवा. मी ठरवलेले असे: मंगळवारी वाचनालय, गुरुवारी गाण्याचा क्लास, रविवारी सकाळी रंकाळा. बाकीचे चार दिवस मोकळे. सगळे सात दिवस भरायचा उत्साह पहिल्या महिन्यात येतो आणि दुसऱ्या महिन्यात सगळंच सुटतं. मी एकदा योगासुद्धा लावून पाहिला होता, त्याबद्दल न बोललेलं बरं.

वाचनालयाचं कार्ड काढा

गावातलं जुनं आणि मोठं वाचनालय म्हणजे करवीर नगर वाचन मंदिर. त्याची सुरुवात १८५० ची, म्हणजे इथल्या राजाराम कॉलेजपेक्षाही तीस वर्षं जुनी. एकदा तरी आत जाऊन या. शिवाय पेठापेठांत, उपनगरांत लहान वाचनालयं आहेत. माझं तसलंच एक, घरापासून सात मिनिटांवर. नाव सांगत नाही, कारण त्याच्याबद्दल एक तक्रार आहे: कवितांच्या कपाटावरची ट्यूब तीन वर्षं बंद आहे आणि मी मोबाइलच्या उजेडात कविता शोधते. तरी नव्या माणसाला माझा सल्ला जवळच्या लहान वाचनालयाचाच. पावसात सात मिनिटं चालणं होतं, बस पकडून जाणं राहून जातं.

सभासद व्हायला एक अर्ज, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा लागतो. भाड्यानं राहत असाल तर भाडेकराराची झेरॉक्स सोबत न्या. काही ठिकाणी जुन्या सभासदाची सही मागतात, ती शेजारी सहज मिळते. एक रक्कम अनामत म्हणून भरायची, ती सभासदत्व सोडताना परत मिळते, आणि दरमहा वर्गणी वेगळी. पहिल्याच दिवशी चार गोष्टी विचारून घ्या. एका वेळी किती पुस्तकं? किती दिवसांसाठी? उशीर झाला तर दंड किती? आणि साप्ताहिक सुट्टी कुठल्या वारी? शेवटचा प्रश्न मी विचारला नव्हता. भर पावसात दोन सोमवार बंद दाराला नमस्कार करून आले.

आता पुस्तक कुठलं घ्यायचं. शाळा-कॉलेजनंतर वाचन सुटलेला माणूस पहिल्या दिवशी हमखास सातशे-आठशे पानांची ऐतिहासिक कादंबरी उचलतो. मीही उचलली. तीन वेळा मुदत वाढवून घेतली आणि पान नव्वदवर खूण ठेवून परत केली. वाचनाची सवय मोडली असेल तर ती लहान मजकुरावर पुन्हा लावायची असते: कथासंग्रह, व्यक्तिचित्रं, प्रवासवर्णन, ललित लेख. रात्री एक कथा वाचून संपली, पुस्तक मिटलं, झोप. 'संपलं' म्हणता येणं सुरुवातीला फार महत्त्वाचं आहे. तीस पानांपर्यंत पुस्तकानं धरलं नाही तर सोडून द्या. वाचनालयाचं आहे, पैसे बुडत नाहीत आणि लेखकाला कळत नाही.

निवडायची माझी एक रीत आहे. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांचे शिक्के मारलेली चिठ्ठी असते. ती आधी बघते. शिक्क्यांची गर्दी असेल तर पुस्तक वाचनीय असण्याची शक्यता मोठी. पण दर पावसाळ्यात एक पुस्तक मी मुद्दाम असं घेते की ज्याच्यावरचा शेवटचा शिक्का आठ-नऊ वर्षांपूर्वीचा आहे. यात निम्म्या वेळा फसगत होते. उरलेल्या निम्म्या वेळा जे हाती लागलं ते कुणाच्याच यादीत नव्हतं. एका पुस्तकात पंढरपूरचं एसटीचं तिकीट सापडलं, पुसट झालेलं. ते मी तसंच आत ठेवून दिलं.

दिवाळीच्या आधी काउंटरवर 'दिवाळी अंक योजना' असा कागद लागला की लगेच नाव द्या. थोड्या जादा वर्गणीत पुढचे काही आठवडे एकामागून एक अंक घरी नेता येतात. पहिला मराठी दिवाळी अंक १९०९ साली निघाला. तेव्हापासून मराठी माणसाला थंडीच्या सुरुवातीला काहीतरी वाचायचं असतं, आणि त्या दिवसांत वाचनालयात बोलायलाही विषय आपोआप मिळतो. "तो कथांचा अंक तुमच्याकडं आहे का? झाला की मला द्या." माझी इथली पहिली मैत्रीण अशीच झाली. दोन वर्षं आम्ही एकमेकींना फक्त अंकांवरून ओळखत होतो.

एक वही करा. पुस्तकाचं नाव, तारीख आणि एकच वाक्य. परीक्षण लिहायला बसू नका, वही बंद पडते.

आणि कधी शिवाजी विद्यापीठाकडं जाणं झालं तर तिथलं वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालय बघा. मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ (१९७४ चं) त्यांना मिळालं. उतारवयात त्यांची दृष्टी गेली होती आणि तरी दुसऱ्याला मजकूर सांगून ते लेखन करत होते. मी तिथं पहिल्यांदा गेले त्या आठवड्यात माझं कशातच मन लागत नव्हतं. बाहेर पडताना एकदम बरं वाटलं असं काही झालं नाही. पण त्या मंगळवारी वाचनालय चुकवलं नाही, एवढं आठवतं.

गाणं: आधी कान, मग गळा

कोल्हापूर म्हटलं की लोकांना कुस्ती आठवते. खासबागेचं मैदान आहेच, पण त्याच्या शेजारीच गायन समाज देवल क्लब आहे, १८८३ पासूनचा. जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादियाखाँ शाहू महाराजांच्या आश्रयानं इथं राहिले. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या त्यांच्या शिष्या. म्हणजे ज्या गावात तुम्ही 'इथं काय आहे' म्हणून कंटाळून बसलाय, तिथं हे सगळं घडून गेलंय आणि अजून मैफली होतात. वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर 'आजचे कार्यक्रम' असा कोपरा असतो. तो रोज बघायचा. कितीतरी कार्यक्रमांना प्रवेश खुला असतो.

शास्त्रीय गाण्याला पहिल्यांदाच जात असाल तर सांगते: कंटाळा येणार. विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतलं गाणं, सुरू झाला की अर्धा-पाऊण तास काहीच पुढं सरकत नाही असं वाटतं. अशा वेळी राग कुठला, स्वर कुठले, याच्या मागं लागू नका. एकच गोष्ट धरा. सम.

मला ती एका आजोबांनी धरायला शिकवली. पांढरी टोपी, मांडीवर छत्री. मी शेजारच्या खुर्चीवर चुळबुळ करत होते. त्यांनी काही न विचारता आपला माझ्या बाजूचा हात स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि सावकाश मोजायला लागले. तीनताल, सोळा मात्रा. पहिल्या मात्रेला टाळी, पाचव्याला टाळी, नवव्याला हात उलटा करून खाली, तेराव्याला टाळी, आणि पुन्हा एक. तो 'एक' म्हणजे सम. गाणारा कुठंकुठं फिरून आला तरी मुखडा, म्हणजे गाण्याची सुरुवातीची ओळ, घेऊन बरोब्बर तिथं उतरतो. आजोबा तेराव्या मात्रेला माझ्याकडं बघायचे, भुवया वर, आणि समेवर नुसतं म्हणायचे, "आली." तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला माझाही हात त्यांच्याबरोबर पडला. त्यानंतरचा पाऊण तास कसा गेला कळलं नाही. आमच्यात त्या 'आली'पलीकडं एक शब्द झाला नाही. पुढच्या मैफलीत त्यांनी मला लांबूनच बघून शेजारच्या खुर्चीवरची छत्री उचलली.

शिकायचं असेल तर वयाचा विचार सोडा. आमच्या क्लासात तेव्हा आठ वर्षांपासून सदुसष्ट वर्षांपर्यंतचे होते, आणि सगळ्यात जास्त गैरहजेरी आठ वर्षांच्यांची. पहिल्या दिवशी हार्मोनियम विकत घेऊ नका. तानपुऱ्याचं ॲप मोबाइलवर फुकट मिळतं, सहा महिने तेवढं पुरतं. पट्टी कुठली, म्हणजे हार्मोनियमच्या कुठल्या पट्टीला आपला सा धरायचा, हे बाईंना किंवा सरांना ठरवू द्या. साधारण बायकांची काळी चार-पाचच्या आसपास आणि पुरुषांची पांढरी एक, काळी एकच्या आसपास असते, पण आपल्या आवाजाचा अंदाज आपल्याला सगळ्यात कमी असतो. मीच पहिल्या दिवशी 'मला उंच जमतं' म्हणून सांगितलं होतं. बाई नुसत्या हसल्या.

पहिला महिना फक्त सा. मग मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला रियाज, मग अलंकार, म्हणजे ठरावीक क्रमानं स्वर फिरवणं. घर लहान असेल तर शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. काकूंनी तीन आठवडे सहन केलं आणि चौथ्या आठवड्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "नुसतं सा-सा करतीयास, म्होरलं कवा शिकीवणार हाईत तुझ्या बाई?" ज्या दिवशी रे आला त्या दिवशी त्यांनी शिरा केला.

ज्यांना तारीख असल्याशिवाय हात हलवता येत नाही त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचं बघा: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, आणि पुढं मध्यमा, विशारद. वर्षातून दोन सत्रं असतात. मी प्रवेशिकेला बसले आणि झपतालात हात उलटा कितव्या मात्रेला करायचा तेच ऐन वेळी विसरले. (सहाव्या. आता झोपेत विचारा.) बाकी परीक्षेनं गाणं सुधारतं का याबद्दल मला शंका आहे, पण रियाज चुकत नाही हे खरं.

वर्षभरात खरोखरच वाद्य घ्यावंसं वाटलं तर मिरजेला जा. रेल्वेनं तासाभराचं अंतर. तिथली सतार-तानपुरे बनवणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. काही घ्यायचं नसलं तरी वाळलेले भोपळे टांगलेली ती दुकानं बघायला जावं. कारागिराला 'बघायलाच आलोय' म्हणून आधीच सांगितलं की तो जास्त प्रेमानं दाखवतो.

नाटकाचं थोडक्यात

खासबागेला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ पासून उभं असलेलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, गायक-नट केशवरावांची जयंती होती. मी सकाळी गेले तेव्हा रस्त्यावर माणसं नुसती उभी होती. नाटकवाले होते, पण भाजीची पिशवी घेतलेले, शाळेच्या रिक्षावाले मामाही होते. माझ्या शेजारी एक बाई सांगत होत्या की लग्नानंतर पहिल्यांदा घराबाहेर पडलो ते इथं नाटक बघायला. जळक्या लाकडाचा वास दिवसभर कपड्यांना राहिला.

पुढं ते पुन्हा उभारायचं काम हाती घेतलं गेलं. तुम्ही नवीन असाल तर कार्यक्रमाची जागा आधी पक्की विचारूनच निघा. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनातही व्याख्यानं, चित्रप्रदर्शनं, सिनेमे चालू असतात. तिथल्या फलकावर आठवड्यातून एकदा नजर टाकली तरी पुरतं.

हातानं करायचं काहीतरी

वाचणं आणि ऐकणं बसून होतं. हाताला काम असलेला एक छंद वेगळा ठेवा. काय, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी चित्र काढते. कारण अगदी साधं: रंकाळा जवळ होता आणि पेन्सिल स्वस्त.

अर्थात कोल्हापूर चित्रकारांचं गाव आहे हे डोक्यात होतंच. आबालाल रहिमान इथल्याच रंकाळा-कोटितीर्थाच्या काठानं चित्रं काढत हिंडले. बाबूराव पेंटर इथलेच. राजारामपुरीत चंद्रकांत मांढरे यांचं कलासंग्रहालय आहे. सिनेमातला नट म्हणून ज्यांना ओळखतो त्यांनी काढलेली निसर्गचित्रं तिथं शांतपणे बघता येतात. टाउन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती आहे. ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी. तोही बाहेरूनच आला होता, असं मी मनात म्हणते आणि बाहेरच्या बागेत झाडाखाली वही उघडते.

सामान: हाताच्या पंजाएवढी वही, दोन-बी आणि चार-बी अशा दोन पेन्सिली, खोडरबर घरी ठेवायचं. रविवारी सकाळी सातच्या आत रंकाळ्यावर पोचा, नंतर फिरणाऱ्यांची गर्दी होते. संपूर्ण तळं काढायला जाऊ नका. एक पायरी, एक खांब, एक बसलेला माणूस. वीस मिनिटं झाली की वही बंद. मी तीन वर्षं तळ्यातला दगडी संध्यामठ काढत होते. पावसाळ्यात तो पाण्यात बुडत जातो, उन्हाळ्यात वर येतो, त्यामुळं विषय संपत नाही. पहिल्या वर्षीचा माझा संध्यामठ गॅसच्या सिलिंडरसारखा दिसतो. अजून ठेवलाय.

पहिलं वर्षभर काही कुणाला दाखवू नका, फोटो टाकू नका. हे माझं मत आहे आणि त्यावर माझी मैत्रीण माझ्याशी भांडते. ती म्हणते, चार जणांनी छान म्हटलं की हुरूप येतो. येतो. पण पाचव्यानं काहीच म्हटलं नाही की वही आठवडाभर उघडत नाही, हे मी स्वतःवर पाहिलंय.

चित्र नको असेल तर इथं चालण्या-फिरण्याला तोटा नाही. शिवाजी विद्यापीठाचा परिसर आठशेहून जास्त एकरांचा आहे, पहाटे मोर ओरडतात. पन्हाळा वीसेक किलोमीटर, सायकलवाले भल्या सकाळी जाऊन नाश्त्याला परत. पन्हाळा ते पावनखिंड मोहिमा जुलैत निघतात. गुडघे शाबूत असतील आणि जळवांची भीती नसेल तर जा. आणि फुटबॉल. हंगामात शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने असतात. फक्त एक लक्षात ठेवा, "तू कुठल्या टीमचा?" या प्रश्नाला "मी कुणाचाच नाही" हे उत्तर चालत नाही. काकूंच्या नातवानं मला पहिल्याच आठवड्यात पाटाकडील तालमीचं करून टाकलं. तेव्हापासून मी पाटाकडीलची आहे, का ते विचारू नका.

परत येताना गंगावेशीत धारोष्ण दूध प्या. म्हैस समोर, ग्लास हातात. हा छंदात धरायचा का माहीत नाही, पण रविवार त्यानं पुरा होतो.

पूर आणि भिजलेली पुस्तकं

हे लिहिल्याशिवाय कोल्हापूरचा लेख पुरा होत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये इथली माणसं एकमेकांना 'काय चाललंय' ऐवजी 'किती फूट' विचारतात. ते राजाराम बंधाऱ्यावरच्या पंचगंगेच्या पातळीबद्दल असतं. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. सखल भागात, तळमजल्यावर राहत असाल तर एकोणचाळीस ऐकल्याबरोबर खालच्या फळीवरचं सगळं वर टाका. चाळीस होऊ द्या म्हणू नका.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मी 'होऊ द्या' म्हटलं. हार्मोनियम (तोवर घेतली होती) माळ्यावर टाकली, कागदपत्रं पिशवीत घेतली, आणि काकूंच्या पुतणीकडं राजारामपुरीत गेले. पुस्तकांची खालची फळी तशीच राहिली. महामार्ग बंद, नळाला पाणी नाही, दुधाला रांग. आठवड्यानं घरात पाऊल टाकलं तर भिंतीवर कमरेएवढी चिखलाची रेघ. पुस्तकं फुगून फळीत घट्ट बसली होती, ओढून निघेनात. त्यात दोन वाचनालयाची.

तुमच्यावर वेळ आलीच तर कसं करायचं ते सांगते, कारण मी निम्मी पुस्तकं चुकीच्या पद्धतीनं घालवली. उन्हात ठेवू नका, पानं वाकडी होतात आणि बांधणी उकलते. चिखल लागला असेल तर पुस्तक मिटलेलंच धरून स्वच्छ पाण्यानं वरून हलकेच धुवा, चोळू नका. मग सावलीत, पंख्याखाली, पुस्तक उभं करून पानं पंख्यासारखी थोडी पसरा. फारच ओलं असेल आणि उभं राहत नसेल तर आधी आडवं ठेवून दर पंधरा-वीस पानांनी कोरा कागद घाला, ओला झाला की बदला. वर्तमानपत्राची शाई लागते, म्हणून शक्यतो छापलेला कागद नको. गुळगुळीत चकचकीत पानांची पुस्तकं वाळताना एकमेकांना चिकटतात. ती आधी हाती घ्या. पुरतं कोरडं झाल्यावरच वजनाखाली दाबा. घाई केली की बुरशी धरते.

बुधवारी गाण्याच्या बाईंचा फोन आला. "उद्या गुरुवार आहे." एवढंच. क्लासात नेहमीचे अकरा असायचे, चौघंच आलो. एक काका गमबूट घालून आले होते, ते दारात काढून ठेवायला जागा सापडेना. तानपुरा लावला. कुणाच्या घरात किती पाणी, ते कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं. बाईंनी सा दिला आणि पंचवीस मिनिटं आम्ही फक्त सा लावला. पहिल्या महिन्यासारखाच. मध्येच गमबूटवाले काका थांबले, नाक पुसलं, पुन्हा लावला.

मंगळवारी मी ती दोन पुस्तकं वाळवून, फुगलेली, चिखलाच्या वासाची, वाचनालयात घेऊन गेले आणि किंमत भरायची तयारी दाखवली. काउंटरवरच्या बाईंनी मागची चिठ्ठी उलगडली. शिक्क्यांची शाई पसरून निळा डाग झाला होता. एकाचे पैसे घेतले, दुसऱ्यावर नवी चिठ्ठी चिकटवली, आणि विचारलं, "आज काय नेणार?"

नवीन गावात आशा कशी टिकवायची असं कुणी विचारलं की मला हा प्रश्न आठवतो. घरात परत करायचं एक पुस्तक असावं, पुढच्या गुरुवारी म्हणून दाखवायचा एक अलंकार कच्चा असावा, वहीत एक चित्र अर्धवट असावं. गावाचं आपल्याकडं काही येणं बाकी असलं की आपण तिथं जातोच.

हे सगळं करूनही दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो छंदानं भागणारा प्रश्न नाही. डॉक्टरांकडं जा. 'टेली-मानस'चा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. मी एकदा फोन केला होता. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

पावती

शेवटचं, अगदी कोरडं काम. वाचनालयाच्या अनामतीची पावती सांभाळून ठेवा. पुन्हा बदली झाली, गाव सोडायची वेळ आली, की सभासदत्व रद्द करताना ती दाखवावी लागते. प्लास्टिकच्या पिशवीत घाला, आणि पिशवी वरच्या फळीवर ठेवा.

माझी २०१४ ची पावती खालच्या फळीवरच्या एका पुस्तकात होती. गेल्या वर्षी बदलीच्या यादीत माझं नाव येणार अशी कुणकुण लागली तेव्हा मी ती शोधायला काढली आणि मग आठवलं. आता मी त्याच घरात पहिल्या मजल्यावर राहते. जिन्यात लसूण सोलत बसलेल्या काकूंना सांगितलं की पावतीच नाही, अनामत आता मिळायची नाही.

त्यांनी मान वर केली नाही. "पावती गेली न्हवं? मग ऱ्हा की हितंच."